हळद जिंकली, म्हणजे काय सिद्ध झाले?

जालन्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. वसाहतीत शिरताच भंगाराने भरलेले ट्रक दिसू लागतात. हे भंगार विजेच्या भट्ट्यांत वितळते, त्याच्या कांड्या होतात आणि रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडतात. शाळेतील बहुतेक मुलांचे पालक याच परिसरात कामाला आहेत. कोणी भट्टीवर, कोणी लेथवर, कोणी बियाण्यांच्या गोदामात.

शाळेत ‘विज्ञान वार्ता’ नावाचा एक फलक होता. त्यावर चांद्रयानाच्या बातमीशेजारी एका रविवार पुरवणीतील कात्रण लावलेले होते. चेहऱ्यावरील मुरमांवर दहा नैसर्गिक उपाय सांगणारा तो मजकूर होता. व्याख्यान संपल्यावर अकरावीतला एक मुलगा थोडा मागे रेंगाळला. त्याच्या दोन्ही गालांवर काळपट, सोललेले चट्टे होते. कात्रणात सांगितल्याप्रमाणे त्याने चार दिवस लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चोळला होता. त्याने विचारले, “सर, सगळे नैसर्गिकच होते ना? मग भाजले कसे?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला दोन मिनिटांत दिले खरे, परंतु ते अपुरे होते. म्हणून येथे त्या कात्रणाचेच परीक्षण करावे असे ठरवले. ते कोणत्या पत्रातले, कोणी लिहिलेले, याला महत्त्व नाही. असे मजकूर सर्वत्र छापून येतात आणि जवळजवळ शब्दशः सारखे असतात. मात्र हे कात्रण विज्ञानाच्या फलकावर लागले होते, आणि म्हणून त्याची विज्ञानाच्या कसोटीवर तपासणी होणे आवश्यक आहे.

मुरूम म्हणजे काय?

मुरमांचे कारण रक्तातील उष्णता आणि त्वचेवरील मळ, असे कात्रण सांगते. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्या त्वचेवरील प्रत्येक केस एका रोमकूपातून उगवतो आणि त्याला लागून तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरके वाढतात. ती मुलींमध्येही असतात, मुलांमध्ये अधिक असतात. त्यांच्यामुळे तैलग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त पाझरू लागते. त्याच वेळी रोमकूपाच्या आतील मृत पेशी एकमेकींना चिकटून तोंडाशी बूच बसते. आत साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. (२०१६ पर्यंत त्याचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस असे होते.) तो आपल्या सर्वांच्याच त्वचेवर राहतो, बाहेरून लागलेला नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते, जागा लाल होते, सुजते आणि दुखते. हाच मुरूम.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ, ही समजूतही चुकीची आहे. बुचाचे टोक उघडे असते, तेथे त्वचेतील रंगद्रव्य असते आणि हवेशी संबंध आलेले तेल असते. त्यामुळे ते काळे दिसते. घासून ते जात नाही, त्वचा मात्र सोलते.

बारा ते चोवीस या वयातील शंभरपैकी ऐंशीहून अधिक जणांना कमी-अधिक मुरमे येतात. जी गोष्ट वर्गातल्या बहुतेकांना होते तिला अस्वच्छतेचा परिणाम म्हणणे म्हणजे बहुतेकांना अस्वच्छ ठरवणे. आमचा या कात्रणावरचा पहिला आक्षेप हाच आहे. ते उपाय सांगण्याआधी मुलाला आरोपी करते.

पाणी कोठले आणि तेल कोणाचे?

दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुवा, असा कात्रणातील दुसरा उपाय. हे वाक्य जालन्यात वाचताना थोडे थांबावे लागते. २०१२-१३च्या दुष्काळात या शहराने टँकरच्या पाण्यावर दिवस काढले आहेत. नळाला पाणी कधी येणार हा येथे घरोघरी रोजच्या हिशेबाचा प्रश्न असतो. पाच-सहा वेळा तोंड धुणे ज्या मुलीला जमत नाही, ती मुरमांचा दोष स्वतःकडे घेणार. वास्तविक सौम्य साबणाने दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यानंतर एकदा चेहरा धुणे पुरेसे असते. जास्त धुतल्याने त्वचा कोरडी पडून चुरचुरते आणि त्यावरचे औषधही सोसेनासे होते. म्हणजे हा सल्ला येथे गैरसोयीचा आहे, तसाच तो चुकीचाही आहे.

दुसरीकडे, या वसाहतीत ज्याची खरोखर दखल घ्यायला हवी होती त्याबद्दल कात्रण गप्प आहे. खनिज तेलामुळे होणारी मुरमे व्यवसायजन्य रोगांच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून नोंदलेली आहेत. लेथवर किंवा तत्सम यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या हातांवर तेल उडते, तेलाने भिजलेली पँट दिवसभर मांडीला चिकटून राहते. अशा वेळी चेहऱ्यापेक्षा मनगटापासून कोपरापर्यंत आणि मांड्यांवर पुटकुळ्या येतात. आयटीआयमधून नुकताच कामाला लागलेला अठरा वर्षांचा मुलगा ही ‘अंगातली उष्णता’ समजून काढे पीत बसतो. त्याला हवे असते ते रोज धुतलेले कोरडे कपडे, यंत्रापुढे बसवलेला तेल अडवणारा पडदा आणि सुटी झाल्यावर हात-पाय धुण्याची सोय. यातील दोन गोष्टी कारखान्याने करायच्या आहेत, मुलाने नव्हे.

डोक्याच्या तेलाचेही असेच आहे. केसांना लावलेले दाट तेल कपाळावर उतरले की तेथील रोमकूप बंद होतात आणि बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. १९७० मध्येच वैद्यकीय नियतकालिकांतून याचे वर्णन झाले आहे. तेल लावू नये असे नाही. ते थोडे लावावे, कपाळ पुसावे, एवढेच. नारळाचे तेलही ‘नैसर्गिक’च असते, हे मात्र लक्षात ठेवावे.

लिंबू आणि सोडा

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. निरोगी त्वचेचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. सामूचे माप दहाच्या पटीत चालते. तेव्हा सामू ५ असलेल्या पृष्ठभागावर सामू २ असलेला रस लावणे म्हणजे हजारपट आम्लता लावणे होय. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या पुढे असतो. तोही त्वचेला मानवत नाही, आणि त्याचे कण घासण्याने त्वचा खरवडली जाते ती वेगळीच. एकदा आम्ल, एकदा आम्लारी, वर घर्षण! त्यात लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मराठवाड्यातल्या उन्हात सायकलवरून शाळेला येणाऱ्या मुलाला हा उपाय सांगणे केवळ बेजबाबदारपणाचे आहे.

हा प्रयोग वर्गात करता येतो, अर्थात चेहऱ्यावर नव्हे. लिंबाचा रस, सोड्याचे पाणी, साबणाचे पाणी आणि साधे पाणी चार वाट्यांत घ्यावे आणि वैश्विक दर्शकाच्या पट्टीने प्रत्येकाचा सामू मुलांना पाहू द्यावा. ‘नैसर्गिक’ लिंबू आणि ‘कृत्रिम’ साबण यांतले त्वचेपासून अधिक दूर कोण, हे पट्टीचा रंगच सांगेल. लिंबाचे अंतर सुमारे तीन एकके, साबणाचे चार ते पाच. दोघेही दूर आहेत, फक्त साबण आपण लगेच धुऊन टाकतो आणि लिंबू ‘वीस मिनिटे ठेवा’ असे कात्रण सांगते. किती वेळ ठेवले यालाही महत्त्व असते, हा धडा त्यातून मिळतो.

हळदीचे दोन विजय

कात्रणातील सर्वांत आदराने लिहिलेला परिच्छेद हळदीचा आहे. हळदीचे गुण आता न्यायालयांनी आणि परदेशांनीही मान्य केले आहेत, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात हे वाक्य वारंवार ऐकू येते, आणि त्यामागे दोन खऱ्या घटना आहेत. त्या नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली घटना एकस्वाची. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या एकस्वाला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. भारतीयांना आनंद व्हावा अशीच ही गोष्ट होती. पण एकस्व कार्यालयापुढे प्रश्न कोणता होता? हा वापर नवा आहे काय, एवढाच. तो नवा नाही, आमच्याकडे तो पूर्वापार ठाऊक आहे, हे सिद्ध झाले. हळदीने जखम किती लवकर भरते हे तेथे कोणी मोजले नाही, आणि मुरमांचा तर विषयच नव्हता.

दुसरी घटना करासंबंधीची. केशव पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विको लॅबोरेटरीजचे हळदीचे क्रीम घरोघरी माहीत आहे. ते औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खाते आणि कंपनी यांचा वाद सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चालला, कारण दोहोंवरील कराचे दर निराळे होते. अखेर २००४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. अशा वादांत न्यायालय पाहते ते हे की घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत काय, आणि सर्वसामान्य माणूस त्या वस्तूला औषध समजतो काय. करआकारणीसाठी हे निकष योग्यच आहेत. परंतु लोक एखाद्या वस्तूला औषध समजतात यावरून ती रोग बरा करते असे निघत नाही. ते न्यायालयाने म्हटलेलेही नाही.

म्हणजे हळद दोनदा जिंकली. एकदा ‘जुनी आहे’ म्हणून, एकदा ‘औषध समजली जाते’ म्हणून. ‘गुणकारी आहे’ हा तिसरा खटला प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात चालवावा लागतो. तेथील स्थिती अशी की हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत जिवाणूंना आणि दाहाला आवर घालते असे दिसते, परंतु मुरमांवर हळदीच्या लेपाच्या मोठ्या, काटेकोर तुलना असलेल्या चाचण्यांचे पाठबळ नाही. आजीच्या हळदीचा आम्ही अवमान करत नाही. तिच्यावर अजून न झालेला निकाल झाला असे कोणी छापू नये, एवढेच आमचे म्हणणे.

कसोटीला उतरलेले आणि न उतरलेले

नैसर्गिक पदार्थांची चाचणी होऊच शकत नाही, असे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाचे तेल पूर्वापार वापरले जाते. १९९० मध्ये तेथे १२४ रुग्णांवर त्याची तुलना बेन्झॉइल पेरॉक्साइड या प्रचलित औषधाशी करण्यात आली. दोन्ही ५ टक्के प्रमाणात वापरली. दोन्हींनी मुरमे कमी झाली, तेलाचा परिणाम सावकाश दिसला, त्रास मात्र कमी झाला. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानुका या झुडपाच्या मधाची परीक्षा झाली. जिवाणूनाशक साबणाच्या जोडीला मध लावल्याने अधिक फायदा होतो असे दिसले नाही. दोन्ही पदार्थ नैसर्गिक, एक उतरला, एक उतरला नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द वस्तू कोठून आली ते सांगतो, ती काय करते ते सांगत नाही.

मग ‘आम्ही स्वतः अनुभव घेतला आहे’ असे सांगणारे खोटे बोलतात काय? नाही. मुरमांचा स्वभावच चढ-उताराचा आहे. माणूस उपाय करू लागतो तो बहुधा मुरमे सर्वांत जास्त असताना, उदाहरणार्थ लग्नकार्य तोंडावर आले असताना. त्यानंतर काहीही लावले किंवा काहीच न लावले तरी पुष्कळदा ती कमी होतातच. श्रेय मात्र त्या आठवड्यात लावलेल्या लेपाला मिळते. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि दहा जणांचा अनुभव पुरत नाही.

आहाराबाबत कात्रण तेलकट पदार्थ आणि चॉकलेट यांना सरसकट दोष देते. चॉकलेटवरचा १९६९ चा अमेरिकन प्रयोग मुलांना सांगण्याजोगा आहे. त्यात ६५ जणांना चॉकलेटची आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनचॉकलेटची वडी देण्यात आली. मुरमांत फरक पडला नाही. मात्र त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढाच होता, आणि प्रयोगाला पैसे चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे होते. म्हणजे चॉकलेट निर्दोष ठरले असले तरी साखर सुटली नव्हती. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवरच्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरमे अधिक कमी झाली. तेव्हा गोड चहा, बिस्किटे आणि शीतपेये कमी करून उसळ, डाळ, भाजी वाढवावी हे म्हणणे योग्य आहे. पण भाजी-भाकरी खाणाऱ्याला मुरमे येतच नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

‘दुष्परिणाम नाहीत’

कात्रणाचे शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत घातक वाटते. सर्व उपाय नैसर्गिक असल्याने त्यांचे दुष्परिणाम नाहीत, असे ते सांगते. पारा हाही निसर्गातलाच आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे गोरे करणाऱ्या एका क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ च्या फेब्रुवारीत आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये भरपूर पारा असल्याचे आढळले. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांसाठीची प्रसाधने सोडता इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एक भागाहून अधिक चालत नाही. ते क्रीम मुरमांचे नव्हते हे खरे. पण लेबल नसलेल्या डब्या मुले ज्या विश्वासाने उघडतात, तो विश्वास अशाच कात्रणांनी तयार होतो.

स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांची कथाही अशीच आहे. ती लावताच दोन दिवसांत लाली जाते, म्हणून मित्र मित्राला देतो. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवताच मुरमे पूर्वीपेक्षा जोरात उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. तरी ती घराघरांतून हातोहात फिरतात.

कात्रणातील सर्वच वाईट आहे असे नाही. मुरमे फोडू नका, पुरेशी झोप घ्या, पालेभाज्या खा, हे सल्ले चांगले आहेत. मुरमे फोडल्याने व्रण राहतात, ही गोष्ट मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. नेमके तेच तेथे सर्वांत बारीक होते. दोन महिन्यांत फरक पडला नाही, गाठी दुखू लागल्या, व्रण पडू लागले, किंवा मुलगी आरशापुढे रडते, मुलगा शाळा टाळतो असे दिसले, तर डॉक्टरांकडे जावे, हे वाक्य तर तेथे नव्हतेच. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलिन यांसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने लावली तर बहुतेकांना गुण येतो, मात्र सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ नावाचे कक्ष चालतात, तेथे हा प्रश्न निःसंकोच विचारता येतो.

निघताना आम्ही विज्ञानाच्या बाईंना हे सर्व थोडक्यात सांगितले आणि कात्रण काढून टाकावे असे सुचवले. त्या म्हणाल्या, “काढले तर उद्या मुले घरी तेच वाचतील. राहू द्या.” त्यांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले : कशाशी तुलना केली? किती जणांवर, किती दिवस? पैसे कोणाचे? त्रास झाला तर काय करायचे? मग मुलांना तांबड्या शाईने ते कात्रणाच्या समासात उतरवायला सांगितले. गालांवर चट्टे असलेला तो मुलगाच पेन घेऊन पुढे झाला, आणि चौथा प्रश्न त्याने पहिल्यांदा लिहिला.